जुवारीच्या दोन काठांवरचे हक्क : एका प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

१२ मे

वाचनालयाच्या वरच्या खोलीत लावायच्या प्रदर्शनाचा आराखडा आज बैठकीत मांडला. विषय आधीच ठरला होता: पोर्तुगिजांनी गोव्यात जिंकलेल्या प्रजेचे कोणते हक्क राखले, कोणते नव्याने दिले आणि कोणते काढून घेतले. वाद झाला तो मांडणीवरून. समितीतल्या मास्तरांना सनावळी हवी. १५१० ला दारातून आत शिरायचं आणि १९६१ ला बाहेर पडायचं. शाळेच्या मुलांना ते सोपं जाईल, हे खरं. पण सनावळीत सगळं आपोआप चढत जातं: आधी जुलूम, मग सुधारणा, शेवटी मुक्ती. कागद तसं सांगत नाहीत. १५२६ मध्ये गावकारांना, म्हणजे गाव वसवणाऱ्यांच्या वंशजांना, लेखी मिळालेल्या हमीतलं बरंचसं पुढच्या चाळीस वर्षांत गेलं. १९१० नंतर मिळालेली मोकळीक जेमतेम वीस वर्षं टिकली.

माझी सूचना अशी की खोलीचे दोन भाग करावेत. डाव्या भिंतीवर जुन्या काबिजादी, म्हणजे सोळाव्या शतकात जिंकलेला मुलूख: तिसवाडी, बारदेश, सासष्टी. उजव्या भिंतीवर नव्या काबिजादी, म्हणजे अठराव्या शतकात आलेला मुलूख: फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण. मधल्या फरशीवर निळ्या पट्टीने जुवारी नदी काढायची. राजा एक, व्हाइसरॉय एक, तिजोरी एक. तरी अठराव्या शतकाच्या शेवटी एका काठावर देऊळ बांधायची सोय नाही आणि दुसऱ्या काठावर देवळाला हात लावायचा नाही असा सरकारचाच शब्द. बघणाऱ्याला 'असं का?' हा प्रश्न पडला तर प्रदर्शन चाललं असं मी समजेन.

प्रत्येक फलकावर चार रकाने ठेवायचे: काय कबूल केलं, कोणाला कबूल केलं, त्या वेळी राज्यकर्त्याची गरज काय होती, आणि शब्द मोडला तर दाद कुठे. तिसऱ्या रकान्यावर मास्तर नाराज आहेत. "तुम्ही प्रत्येक गोष्टीत हिशेबच बघता," म्हणाले. बघतो. साम्राज्याच्या कागदांत आधी हिशेबच सापडतो, त्याला मी काय करू?

१६ मे

पहिला फलक: १६ सप्टेंबर १५२६ चा फोराल, म्हणजे सनद. काढणारा अफोंसो मेशिया, पदाने 'वेदोर दा फाझेंदा', म्हणजे वसूल आणि तिजोरी पाहणारा बडा अधिकारी. जिंकलेल्या प्रजेच्या हक्कांची इथली पहिली लेखी सनद न्यायाधीशाने लिहिली नाही, पाद्र्याने तर नाहीच. ती वसुलीवाल्याने लिहिली. तिसरा रकाना इथे आपोआप भरला.

सनदेची ४९ कलमं आहेत. सुरुवात एका कथेने होते. फार पूर्वी चार माणसं ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन लागवडीला आणली, बांध घातले, वस्ती वाढवली, आणि त्यांच्या वंशजांना गावकार म्हणू लागले. पुढे त्यांच्यावर राज्यकर्ते आले. आपल्या चालीरीतींत आपल्याला राहू द्यावं म्हणून गावकार त्यांना पट्टी देऊ लागले. समितीतल्या टीचरांनी हा भाग मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा मास्तरही गप्प झाले. जिंकणारा स्वतःच्या कागदात लिहून ठेवतो आहे की जमीन यांनी वसवली, आम्ही घेतो तो रिवाज राखण्याचा मोबदला. अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला शहर दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा तिथल्या मुसलमानांची सरसकट कत्तल झाली होती. त्याच राजवटीने सोळा वर्षांनी हिंदू गावकारांचे हक्क कलमवार नोंदवले. दोन्ही गोष्टी एकाच फलकावर येणार.

हमी कशाची होती? गावकारी वंशपरंपरेने चालेल, गावाचा निर्णय गावकारांच्या बैठकीत होईल, पडीक जमीन कोणाला द्यायची ते गाव ठरवील, ठरलेली पट्टी भरायची जबाबदारी सगळ्या गावाची मिळून. पोर्तुगीज मूठभर होते. कोणाकडून किती येणं आहे हे ठाऊक असलेली माणसं गावातच होती, आणि त्यांना उठवलं असतं तर वसूल बुडाला असता.

एक कलम मात्र खटकतं. मुलगा नसताना माणूस मेला तर त्याची मालमत्ता राजाकडे जाते, मुलींना वारसा नाही. हा रिवाज मेशियाला कोणी सांगितला? गावकारांनीच. शेतात राबणाऱ्या कुणब्याला कोणी विचारलं नाही, घरातल्या बाईला नाही. साम्राज्याने 'तुमचे रिवाज पाळतो' म्हटलं की ते रिवाज गावातल्या वरच्या माणसाच्या तोंडून लिहिले जातात आणि मग कायदा होऊन बसतात. हे वाक्य फलकावर घ्यायचं की नाही यावर अजून एकमत नाही. माझं मत घ्यायचंच.

१९ मे

कापडावर छपाई फ्लेक्सपेक्षा महाग पडते, पण पावसाळ्यात वरच्या खोलीत फ्लेक्सला बुरशी येते. कापडच. गावांची नावं फलकावर गावातले लोक म्हणतात तशी लिहायची: कुठ्ठाळी, केळशी, वेर्णे, कुंकळ्ळी.

२२ मे

डावी भिंत, दुसरा फलक. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळं पाडली. पुढच्याच वर्षी देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्च आणि धर्मप्रसाराकडे वळवलं, आणि त्यासाठी गावकारांकडून संमती लिहून घेतली. संमतीची गरज का पडावी? कारण १५२६ चा कागद होता. गावाची जमीन गावाच्या बैठकीशिवाय हलवता येत नव्हती. म्हणून बैठक भरवली आणि बैठकीतून 'हो' काढून घेतलं. हा प्रकार मला देवळं पाडण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. टीचर म्हणाल्या, "सही हवी असते त्यांना. सगळ्यांनाच हवी असते."

बारदेश आणि सासष्टी १५४३ मध्ये आदिलशहाकडून कायमच्या आल्या. बारदेश फ्रान्सिस्कनांच्या वाट्याला गेला, सासष्टी जेझुइटांच्या. १५६७ मध्ये राशोलचा कप्तान दियोगो रॉद्रिगिश याने सासष्टीतली देवळं पाडली. जेझुइटांच्या पत्रांत आकडा २८० च्या घरातला येतो.

याच सुमारास देव निघाले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ आणि कोलव्याची महालक्ष्मी बांदोड्याला. सगळे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, तेव्हाच्या आदिलशाहीत. होडीने काही तासांचं अंतर, आणि पलीकडे राज्य मुसलमान राजाचं. शाळेची मुलं इथे हमखास थांबतील. 'मुसलमान राजाकडे देव का नेले?' याला एका ओळीत उत्तर देता येत नाही, आणि मी ते देणारही नाही. आदिलशाहीतल्या मुलखात देवळाचं उत्पन्न आणि पूजा चालू होती, इतकंच लिहू.

डिझायनरने नकाशावर बाण काढलेत. झकास दिसतात, पण बाणांच्या टोकाला फक्त देव आहेत. देवांबरोबर भट, देवळातले सेवेकरी, कुळावी म्हणजे त्या देवाला कुलदैवत मानणारे, आणि शेतं सोडून गेलेली कुटुंबं होती, आणि त्यांच्यामागे ओस पडलेली भातशेती. गावं ओस पडली म्हणून वसूल घटल्याची तक्रार त्या काळच्या कागदांत येते. हे बाणांखाली लिहायला सांगितलं.

२७ मे

टीचरांबरोबर दिवसभर बसलो. त्या सासष्टीच्या, घरची पोर्तुगीज पक्की. डाव्या भिंतीचा त्यांना त्रास होतो आहे, पण तो त्या लपवत नाहीत. "तुम्ही सगळे बाटलेल्यांबद्दल असं लिहिता जणू आम्हाला सगळं मिळालं," असं त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं रास्त आहे, आणि त्यातून आजचा फलक उभा राहिला.

हिंदू राहणाऱ्याचं काय गेलं ते स्पष्ट आहे. १५५९ च्या कायद्याने अनाथ हिंदू मुलं सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात देऊन त्यांचा बाप्तिस्मा करण्याची वाट उघडली. व्यवहारात बाप गेलेल्या पण आई जिवंत असलेल्या मुलांनाही अनाथ धरलं गेलं. सार्वजनिक पूजा बंद झाली. सरकारी कामं आणि गावच्या बैठकीतला मान यांत ख्रिस्ती झालेल्यांना अग्रक्रम मिळाला. ख्रिस्ती झालेल्या बायकामुलींना वारसा देणारे कायदेही याच काळातले. म्हणजे १५२६ च्या सनदेने ज्या मुलीला वगळलं होतं, तिला धर्मांतराच्या बदल्यात वाटा. स्त्रीचा वारसाहक्क असा आमिष म्हणून आला. यात सुधारणा किती आणि सौदा किती, हे मला वेगळं करता येत नाही, आणि करूही नये.

आता दुसरी बाजू. बाप्तिस्मा झाला की माणूस इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायपीठाच्या, कक्षेत आला. १५६० मध्ये बसलेलं हे न्यायपीठ १७७४ मध्ये बंद झालं, १७७८ मध्ये परत सुरू झालं आणि १८१२ मध्ये कायमचं उठलं. मुख्य रोख बाप्तिस्मा झालेल्यांवर, कारण पाखंड ठरायला आधी ख्रिस्ती असावं लागतं. हिंदूही काही कारणांनी सापडत, पण घरात शिरून ताटात काय आहे ते पाहिलं गेलं नवख्रिस्ती कुटुंबाच्या. १७३६ च्या फर्मानात अंगणातली तुळस, धोतर, लग्नातली गाणी, विडे, फुलं असल्या गोष्टींची यादीच आहे. दोनशे वर्षांपूर्वी बाटलेल्या घरांत हे अजून चालू होतं, म्हणून तर मनाई काढावी लागली.

म्हणजे साम्राज्याचा धर्म स्वीकारला की नोकरी, वारसा, मान मिळत होता, आणि त्याच वेळी घराच्या उंबरठ्याआत सरकार येत होतं. टीचरांनी शेवटचा मसुदा वाचून फक्त एक विशेषण कापलं.

२ जून

कुंकळ्ळीचा फलक लांबला आहे, पण तो कापणार नाही.

जुलै १५८३. सासष्टीतली कुंकळ्ळी, असोळणा, वेळ्ळी, आंबेली, वेरोडा ही गावं पट्टी भरत नव्हती, देवळं पाडली तरी परत बांधत होती. रोदोल्फो आक्वाव्हिवा आणि इतर चार जेझुइट क्रूस उभारायची जागा पाहायला आले. गावाने त्यांना मारलं, त्यांच्याबरोबरचे काही स्थानिकही मारले गेले. मग असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी गावकारांना बोलावलं. परंपरा सांगते की सोळा गेले, पंधरा मारले गेले, एक निसटला. पाद्र्यांना पुढे चर्चने हुतात्म्यांचा दर्जा दिला. गावकारांचं स्मारक एकविसाव्या शतकात झालं.

बहुतेक लोकांची गोष्ट इथे संपते. आमच्या विषयाची इथून सुरू होते. शिक्षा म्हणून गावांची गावकारीच काढून घेतली. जमिनी एका पोर्तुगीज सरदाराला दिल्या आणि त्या पुढे फ्रोंतेराच्या मार्क्विसाच्या घराण्यात गेल्या. शेजारच्या गावात बांधाचा, पाण्याचा, लिलावाचा निर्णय गावकार घेत होते. इथे मालक लिस्बनमध्ये. फोरालने मान्य केलेला हक्क राजनिष्ठेच्या अटीवर होता, हे मेशियाच्या कागदात ठळकपणे नाही. कुंकळ्ळीत ते कळलं.

चौथा रकाना, दाद कुठे: रिकामा ठेवला. डिझायनर म्हणतो, रिकामा रकाना छपाईची चूक वाटेल. वाटू दे.

५ जून

१६८४ चा भाषेचा हुकूम. व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट. २७ जूनच्या या हुकमाने लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलायचं. आदल्याच वर्षी संभाजी महाराजांच्या फौजा गोव्याच्या दाराशी होत्या, जुवे बेटाचा किल्ला त्यांनी घेतला होता, आणि या काउंटाने आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या चरणी ठेवला होता. तिसरा रकाना: भीती. कोंकणी गेली नाही, हे सांगायला फलक लागत नाही.

११ जून

उजवी भिंत. माझ्या मते प्रदर्शनाचा कणा हाच.

१७६३. हैदर अलीच्या फौजांपुढून सोंद्याचा राजा सवाई इम्मडी सदाशिव निघाला आणि पोर्तुगिजांच्या आश्रयाला आला. त्याच्याकडचा फोंडा आणि दक्षिणेकडचा मुलूख पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. व्हाइसरॉय एगाचा काउंट. जाहीर वचन असं की देवळं, पूजाअर्चा, चालीरीती यांना हात लावणार नाही. मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा, महालक्ष्मी ज्या सत्तेपासून पळाले होते तीच सत्ता दोनशे वर्षांनी त्यांच्या दारात आली, आणि या वेळी देवळासमोर थांबली. पुढे १७८१ ते १७८८ दरम्यान डिचोली, सत्तरी, पेडणे आले, तिथेही तीच रीत.

काय बदललं होतं? मास्तर म्हणतात, युरोपात नवे विचार आले. काही अंशी खरं. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने १७५९ मध्ये जेझुइटांना हाकललं होतं, चर्चची ताकद ओसरत होती. पण मी तिसऱ्या रकान्यात आधी हे लिहिलं: १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, उत्तरेचा सगळ्यात सुपीक प्रांत गेला, त्याच वेळी मराठी फौजा गोव्यातल्या सासष्टीतही शिरल्या. कवळ्याच्या देवीला शाहू महाराजांकडून, मंगेशीला पेशव्यांकडून इनामं होती. या देवळांना धक्का लावणं म्हणजे सातारा-पुण्याला निमंत्रण. शिवाय रयत उठून घाटावर गेली तर शेतं पडीक राहणार, हा सोळाव्या शतकाचा धडा होताच. सहिष्णुता कमकुवतपणातून आली, असं लिहिलं. मास्तरांनी 'व्यवहारातून' सुचवलं. तेच ठेवलं, कारण ते जास्त अचूक आहे.

मात्र उजव्या भिंतीवरचं वचन डाव्या भिंतीला लागू झालं नाही. तिसवाडीतल्या हिंदूची स्थिती फोंड्यातल्या हिंदूसारखी झाली नाही. पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळाला परवानगी मिळाली ती १८१८ च्या सुमारास. म्हणजे हक्क माणसाच्या अंगाला चिकटलेला नव्हता, जमिनीला होता. कोणत्या साली जिंकले गेलात यावर तुमचा देव अवलंबून.

१४ जून

वसईचा फलक लावायचा का? यावर आवाज चढले.

माझं म्हणणं, लावायचा, कारण तिथे जिंकणारे आपण आहोत. मे १७३९ च्या तहात किल्ल्यातल्या फौजेला मानाने बाहेर पडू दिलं, लोकांना मालमत्ता घेऊन जाण्याची मुभा दिली, मागे राहणाऱ्यांना धर्म पाळण्याची. वसईचा ख्रिस्ती समाज आजही तिथेच आहे. समितीतल्या एकाला यावर मोठ्या अक्षरात 'मराठ्यांचं औदार्य' असं शीर्षक हवं होतं. मी म्हटलं, त्याच चार रकान्यांत बसवा. मराठ्यांनाही त्या वेळी लांबलेला वेढा संपवायचा होता. फार माणसं पडली होती. शब्द दिला, ही गोष्ट चांगलीच. पण पोर्तुगिजांच्या वचनात गरज शोधायची आणि आपल्या वचनात फक्त मन, हे चालणार नाही.

फलक लागणार. शीर्षक 'वसई, १७३९'. बस.

२० जून

सत्तरी. इथे लेखी वचनाचा दुसरा उपयोग दिसतो: बंडाचं कारण म्हणून.

राणे हे देसाई, हत्यारबंद, डोंगराळ मुलखातले. सावंतवाडीकर भोसल्यांकडून मुलूख घेताना पोर्तुगिजांनी त्यांची वतनं आणि मान चालू ठेवले. पुढे लिस्बनच्या सरकारने कर वाढवले, मान कातरला, की राणे उठत. १८५२ मध्ये दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला. १८५५ पर्यंत लढा चालला आणि तडजोडीत संपला. या धामधुमीतच, १४ ऑक्टोबर १८५३ ला, नव्या काबिजादींच्या रहिवाशांच्या रीतिरिवाजांची संहिता सरकारने काढली. एकामुळे दुसरं झालं असं मी लिहीत नाही. दोन्ही तारखा एकाखाली एक ठेवल्या आहेत.

१८९५ चं बंड जास्त बोलकं आहे. गोव्याच्या फौजेतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम झाला, तिथल्या आफ्रिकी राजाविरुद्ध लढायला. समुद्र ओलांडायचा, जहाजावर खाण्यापिण्याची सोवळ्याची अडचण, घरच्यांना पोटगी किती याचा पत्ता नाही. शिपाई सत्तरीत निघून गेले, दादा राणे पुढे झाले. ते मोडायला लिस्बनहून राजाचा भाऊ प्रिन्स अफोंसो फौज घेऊन आला. दादा राण्यांना तिमोरला पाठवलं, पोर्तुगीज साम्राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला.

एक जिंकलेला समाज दुसऱ्याला जिंकायला नेणं ही साम्राज्यांची जुनी पद्धत. शिपायांनी नकार दिला तो आफ्रिकेतल्या माणसाच्या कळवळ्याने नव्हे, स्वतःच्या रिवाजासाठी, आणि हे फलकावर तसंच लिहिलंय. मुलांना नायक हवे असतात; तरी.

२५ जून

ख्रिस्ती प्रजेला समान हक्क. २ एप्रिल १७६१ चा पोंबालचा कायदा: आशियात जन्मलेल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांइतकाच मान आणि पदं, त्यांना रंगावरून हिणवणाऱ्याला शिक्षा. कागदावर इतकं स्पष्ट त्या शतकात फार कुठे सापडणार नाही. पण चर्चमधली आणि लष्करातली वरची पदं गोऱ्यांकडेच राहिली, आणि १७८७ मध्ये गोव्यातले पाद्री आणि लष्करी अधिकारी यांचा कट उघडकीला आला, पिंटोंचा कट म्हणून ओळखला जातो तो. पंधरा जणांना १७८८ मध्ये फाशी. पाद्र्यांना लिस्बनला नेऊन कोंडलं. कायदा वाचून माणसं कायद्याची मागणी करायला लागली की काय होतं, त्याचा हा नमुना.

१८२२ पासून गोव्यातून लिस्बनच्या संसदेवर प्रतिनिधी जाऊ लागले. त्यांतलेच बेर्नार्दू पेरेस द सिल्व्हा १८३५ मध्ये गोव्याचे प्रमुख प्रशासक म्हणून आले, जन्माने गोवेकर. सतरा दिवसांत लष्कराने त्यांना हटवलं. फलक छोटा, मजकूर पुरेसा.

१ जुलै

१९१० च्या प्रजासत्ताकाने धर्म आणि राज्य वेगळं केलं, हिंदूंना सरकारी नोकऱ्या खुल्या झाल्या, मराठी शाळा, वाचनालयं, वृत्तपत्रं वाढली. आमचं वाचनालयही त्याच लाटेतलं. फोंड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'रेपुब्लिक' हा शब्द आदराने येतो, ते यामुळे.

मग ८ जुलै १९३०, 'आक्तू कोलोनियाल', म्हणजे वसाहतींचा कायदा. त्याच्या दुसऱ्या कलमात परकी मुलूख ताब्यात ठेवणं आणि तिथे वसाहत करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं ऐतिहासिक कार्य ठरवलं. त्याचा मसुदा बाहेर आला तेव्हा लुईस द मिनेझिश ब्रागांझा यांनी ४ जुलैला गोव्याच्या विधान मंडळात ठराव मांडला: स्वतःचं भवितव्य ठरवण्याचा जो हक्क सर्व लोकांना आहे तो पोर्तुगीज इंडिया सोडत नाही. टीचरांच्या घरी हा ठराव पाठ असलेले लोक होते. तो मराठी आणि पोर्तुगीज दोन्हींत, मोठ्या अक्षरांत छापायचा.

इथे खोलीबाहेरची एक गोष्ट आत आणावी लागते. त्याच काळात अँगोला, मोझांबिक, गिनीत 'इंदिजेनातू'ची पद्धत होती. तिथला आफ्रिकी माणूस नागरिक नाही. भाषा, पेहराव, राहणी यांची परीक्षा देऊन 'आसिमिलादू' झाला तर नागरिक. बाकीच्यांवर सक्तीची मजुरी. गोवेकर या पद्धतीखाली कधी आला नाही, तो नागरिक होता, आणि मोझांबिकच्या कचेऱ्यांत कितीतरी गोवेकर कारकून याच पद्धतीचे कागद हाताळत होते. ती १९६१ मध्ये उठली. हा फलक कोणत्या भिंतीवर? तिसरी भिंत नाही. दाराच्या वर लावतोय.

५ जुलै

हेगचा फलक मास्तरांनी एकट्याने लिहिला आणि तो सगळ्यांत उत्तम झालाय.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. त्यांत महाराष्ट्रातली माणसं बरीच होती, गायक-संगीतकार सुधीर फडकेसुद्धा. पोर्तुगाल १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला: दमणहून त्या गावांपर्यंत जायचा आम्हाला हक्क आहे. आधार कशाचा? १७७९ च्या पुण्याच्या तहाचा. पेशव्यांनी पोर्तुगिजांना दमणजवळची बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं दिली होती. दोन्ही बाजूंनी मराठी कागद हेगच्या टेबलावर ठेवले. न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निकालात म्हटलं की पेशव्यांनी दिला तो वसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पोर्तुगालची सत्ता तिथे पुढे इंग्रजांच्या मान्यतेने रुजली. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती. सैन्य, हत्यारी पोलीस आणि दारूगोळ्याला नव्हती.

सगळा खटला दोन सरकारांच्या हक्कांचा. दादऱ्यातल्या वारल्यांना काय हवं, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. मास्तरांच्या मसुद्यातलं हे शेवटचं वाक्य. मी त्यांच्या पाठीवर थाप मारायचाच बाकी राहिलो.

९ जुलै

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात सभा परवानगीशिवाय नाही, छापील मजकूर आधी सेन्सॉरकडे. लग्नपत्रिकासुद्धा जायच्या, असं जुने लोक सांगतात. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांची सभा झाली ती याच बंदीविरुद्ध. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला, शिक्षा आठ वर्षं, रवानगी पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात. डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी १९५४ मध्ये एका मेजवानीत 'गोवा म्हणजे पोर्तुगाल' या वाक्यावर 'माझा विरोध आहे' इतकंच म्हटलं आणि तेही पोर्तुगालला गेले. सांगलीकडचे मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले आणि सुटले जानेवारी १९६९ मध्ये, गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर.

१९५१ मध्ये वसाहतींचं नाव बदलून 'सागरापलीकडचे प्रांत' केलं होतं. प्रांत झाल्यामुळे संयुक्त राष्ट्रांत 'आमच्याकडे वसाहतीच नाहीत' म्हणता आलं. सभेला परवानगी लागतच राहिली.

हा फलक लिहायला सोपा गेला. लोकांना ठाऊक आहे ते लिहायला वेळ लागत नाही.

१३ जुलै

शेवटच्या फलकाचं शीर्षक 'अजून चालू'. १९६२ च्या संसदेच्या कायद्याने गोव्यातले आधीचे कायदे पुढे चालू ठेवले, त्यामुळे भिंतीवरचे बरेच कागद कचेरीत जिवंत आहेत. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा, इथे १८७० पासून. १६ डिसेंबर १८८० चं हिंदूंच्या रीतिरिवाजांचं फर्मान, ज्यात बायकोला पंचविशीपर्यंत मूल नसेल किंवा तिशीपर्यंत मुलगा नसेल तर नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची मुभा आहे. देवस्थानांचा कारभार माझानीच्या, म्हणजे देवस्थानाच्या महाजन मंडळाच्या, पोर्तुगीजकालीन नियमांनी, प्रशासक म्हणून मामलेदार. गावकाऱ्यांचा कारभार १९६१ च्या कोदिगूने, म्हणजे संहितेने, जो पोर्तुगीज जाण्याच्या काही महिने आधी निघाला.

समितीतल्या वकिलांनी दोन दुरुस्त्या केल्या. एक, १८८० च्या कलमाचा उल्लेख 'रिवाजाचं रक्षण' या रकान्यात नको. पहिल्या फलकावरच्या वारसा नसलेल्या मुलीपाशी लावा. लावलं. दुसरी, माझानीवरचा मजकूर आखडता घ्या, महाजन कोण आणि कोण नाही यावर गावागावांत दावे चालू आहेत. फलक आखडला नाही, फक्त एकाही देवस्थानाचं नाव घेतलं नाही.

फायली छपाईला गेल्या. कुंकळ्ळीचा रिकामा रकाना छापखान्याने भरला नाही ना, हे कापड हातात आल्यावर आधी बघायचं. निळी पट्टी फरशीवर रंगवायची की चिकटवायची ते ठरायचंय. ग्रंथपालांना रंग नको. दमण आणि दीवच्या १८५४ च्या संहितांना या खेपेला जागा उरली नाही. त्या दिवाळीनंतर.